पिग्मीच्या पिशवीतल्या जोड्या

आमच्या घरात रात्री साडेनऊच्या सुमाराला फरशीवर खडूने दहा घरं आखली जातात. शून्य ते नऊ. मग पिग्मीची पिशवी उलटी होते आणि मी एकेक नोट तिच्या नंबरातल्या शेवटच्या आकड्याप्रमाणे त्या त्या घरात टाकत जातो. एकदा शेजारचे काका काहीतरी विचारायला आले, दारातूनच परत फिरले. दुसऱ्या दिवशी बोळात गाठून हळूच म्हणाले, "रोज किती लावता?" त्यांना वाटलं मी घरात मटका चालवतोय. मी शोधत असतो एकाच नंबराच्या दोन नोटा.

मी कराडात एका पतसंस्थेचा पिग्मी एजंट, म्हणजे दुकानादुकानांतून रोजची छोटी बचत गोळा करणारा. २००४ पासून. शनिवार पेठ, दत्त चौक, एसटी स्टँडची मागची बाजू आणि मलकापूरचा थोडा तुकडा अशी माझी लाइन. चहावाले, शिंपी, भाजीवाल्या, पंक्चरवाले, एक-दोन मेडिकल. कुणाचे दहा, कुणाचे पन्नास, एखाद्या किराणावाल्याचे पाचशे. चांगल्या दिवसात रोज चारशेच्या आसपास नोटा पिशवीत यायच्या, त्यातल्या निम्म्या दहाच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ११ च्या आत भरणा. म्हणजे नोटा माझ्या घरी फक्त एका रात्रीच्या पाहुण्या. पुढचं सगळं दुखणं त्या एका रात्रीचंच आहे.

नंबरांकडे मी आपणहून बघायला लागलो नाही. माझ्या लाइनवर एक फळवाले चाचा आहेत. त्यांनी एकदा पिग्मी देता देता दहाची एक नोट परत ओढून घेतली आणि दुसरी दिली. नंबरात ७८६ होते. अरबी अक्षरांना आकडे देण्याची जी अबजद पद्धत आहे, तिच्यात बिस्मिल्लाच्या अक्षरांची बेरीज ७८६ येते, म्हणून ती नोट खर्चायची नाही, गल्ल्यात जपून ठेवायची. मी म्हटलं, चाचा, मला दिसली तर आणून देईन. आणि खरंच दिसायला लागल्या. सहा आकड्यांच्या नंबरात ७८६ चार ठिकाणी बसू शकतो, तेव्हा हजारात साधारण चार नोटा अशा निघतात. माझ्या पिशवीत रोज एखाद-दोन. मी दहा रुपये घ्यायचो, दहा द्यायचो, वर चाचा कधी केळी, कधी एखादा पेरू हातात ठेवायचे. त्या पेरूंनी माझी नजर बिघडवली.

मुलीचा जन्म १४ जून २००९ चा. तेव्हा तारखेच्या नोटांची हौस सगळीकडे होती. लग्नात, बारशाला तारखेच्या नंबराची नोट फ्रेम करून द्यायचे. मी ठरवलं, १४०६०९ नंबराची नोट आपण स्वतः शोधायची, विकत घ्यायची नाही. एक नोट म्हणता म्हणता हाव वाढली. पाचची, दहाची, वीसची, पन्नासची, शंभरची, सगळ्यांवर १४०६०९. मुलगी दहावी होईपर्यंत संच पुरा करू, असा हिशेब.

तीन वर्षं रोज रात्री चारशे नोटा चाळल्या. १४०६०८ दिसली. १४०६९० दिसली. एकदा ४१०६०९ ने अर्धा मिनिट छाती धडधडवली. पाहिजे ती एकदाही नाही.

माझ्या लाइनवर गणिताचे क्लास घेणारे एक सर आहेत, रोज शंभराची पिग्मी. २०१३ च्या पावसाळ्यात त्यांच्या जिन्यात पाऊस थांबायची वाट बघत उभा होतो, तेव्हा हे रडगाणं सांगितलं. सरांनी माझ्याच पावतीपुस्तकाच्या पुठ्ठ्यावर लिहायला सुरुवात केली. एका सिरीजमध्ये, म्हणजे नंबराआधीची अक्षरं तीच असतील तोवर, नंबर दहा लाख. तुम्हाला त्यातला एक हवा. रोज चारशे नोटा, वर्षाला तीनशे दिवस, म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार नोटा तुमच्या नजरेखालून जातात. सरासरी धरली तर एका नोटेला आठ वर्षं. पाच वेगवेगळ्या नोटा हव्या असतील तर तुमच्या नातवाला शोधायला सांगा.

मी गप्प झालो. मग सर म्हणाले, "नंबर तुम्ही ठरवलात तिथंच घोळ झाला, भाऊ. माझ्या वर्गात तेवीस पोरं बसली तर दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. पण मी आधीच तारीख धरून बसलो की तेवीस पोरांत त्या तारखेचं पोरगं सापडणं अवघड. तुमच्या चारशे नोटांत दोन-दोनच्या जोड्या किती पडतात?"

त्यांनीच गुणाकार केला. ७९,८००. प्रत्येक जोडीचा नंबर जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक. म्हणजे एका रात्रीच्या पिशवीत कुठल्या तरी दोन नोटांचा नंबर सारखा निघण्याची शक्यता आठ टक्के. बारा-तेरा दिवसांतून एकदा ती जोडी माझ्या घरी मुक्कामाला येऊन जात होती आणि मी मुलीची तारीख शोधत बसलो होतो. बाराशे नोटा एकत्र असत्या तर शक्यता निम्म्याच्याही वर गेली असती.

पाऊस थांबला होता, तरी मी जिन्यातच उभा.

आता शोधायचं कसं? चारशे नोटा एकमेकींशी ताडून बघायच्या म्हणजे वेड लागेल. त्यासाठी ही खडूची घरं. पहिल्या फेरीत शेवटच्या आकड्याप्रमाणे दहा ढिगारे, प्रत्येकात चाळीसेक नोटा. मग एक ढीग उचलायचा आणि तो शेवटून दुसऱ्या आकड्यावर पुन्हा दहा घरांत पसरायचा. आता एका घरात चार-पाचच नोटा उरतात, त्यांचे पहिले चार आकडे डोळ्यांनीच कळतात. जुळलं नाही की गोळा करायच्या, पुढचा ढीग. सुरुवातीला दीड तास लागायचा, नंतर पाऊण तासावर आला. २०१५ पासून ज्या नव्या नोटा यायला लागल्या त्यांवर नंबरातले आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात, पुढची अक्षरं-आकड्यांची तीन चिन्हं मात्र एकाच मापाची राहतात. नकली ओळखता यावी म्हणून ती सोय, पण शेवटचा आकडा सगळ्यात ठसठशीत झाल्याने माझी पहिली फेरी फार सोपी झाली. जुन्या मळक्या नोटांवर तीन का आठ हे ट्यूबलाइटखाली धरूनच बघावं लागतं. पन्नासच्या नोटेवर हळदीचा हात लागलेला असला की तेही दिसत नाही.

नियम मी माझ्यापुरते केले. सहाही आकडे तेच हवेत, पुढची सिरीजची अक्षरं कुठलीही चालतील. नोटा वेगवेगळ्या किमतीच्या हव्यात, दहाला दहा जुळली तर धरायची नाही. या नियमाने अठरा-वीस दिवसांतून एक जोडी पडायला हवी. काही संग्राहकांना अक्षरंही जुळलेली लागतात, काहींना गव्हर्नरची सही एकच हवी, मागच्या बाजूचं छपाईचं साल एकच हवं, नंबराच्या पाठीमागे बारीक छापलेलं इनसेट अक्षरही तेच हवं. ती माणसं ताज्या गड्ड्यांत वावरणारी. पिग्मीवाल्याने एवढे नखरे केले तर हातात काही लागायचं नाही.

पहिली जोडी फेब्रुवारी २०१४ मध्ये लागली. एकच्या घरातला ढीग, त्यातल्या सहाच्या घरात चार नोटा. दहाची एक, चहाच्या टपरीवरची, साखरेने चिकट. पन्नासची एक, शिंप्याची, इतकी नीट चार घड्या घातलेली की उघडल्यावर तिचा अधिकच्या चिन्हासारखा ठसा दिसत होता. दोन्हींवर ३८०५६१.

मी हाक मारली, "अहो, इकडे या." (आमच्याकडे दोघंही एकमेकांना अहोच म्हणतो.) तिने दोन्ही नोटा हातात घेतल्या, आकडे मोठ्याने वाचले, आणि विचारलं, "मग आता?" मला उत्तर सुचलं नाही. अजूनही फारसं सुचत नाही.

साठ रुपये माझ्या खिशातले पिशवीत टाकले, दोन नोटा बाहेर काढल्या. हे चोख पाळावं लागतं. रक्कम लोकांची, नोट कुठली हे कुणी विचारत नाही, पण भरण्याच्या स्लिपवर दहाच्या किती, पन्नासच्या किती हा तपशील असतो. म्हणून बदली नोट त्याच किमतीची हवी. त्या दिवसापासून मी घरात पाच हजाराची सुट्टी रोकड वेगळ्या डब्यात ठेवतो. तिच्यातूनच अदलाबदल. कमिशनवर जगणाऱ्या माणसाने पाच हजार असे बांधून ठेवणं शहाणपणाचं नाही, हे घरच्यांनी सांगून झालंय.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यात मोठा मूर्खपणा केला. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन दोन्ही नोटा लॅमिनेट करून आणल्या. दहाच्या नोटेवरची साखर त्या उष्णतेने पिवळी पडली आणि गांधीजींच्या खांद्यापाशी एक बुडबुडा कायमचा राहिला. पुढे पुण्यात एका म्हाताऱ्या संग्राहकांना दाखवली, तर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "नोटेला गरम प्लास्टिक म्हणजे जिवंत समाधी. आता काढायला जाऊ नका, कागद सोलून निघेल." साधे प्लास्टिकचे अल्बमही नकोत, पीव्हीसी कालांतराने चिकटतं आणि डाग पाडतं. पीव्हीसी नसलेले पारदर्शक कप्पे घ्या, हात कोरडे ठेवा, नोट कडेला धरा. हे सगळं मला पहिल्या जोडीनंतर कळलं.

२०१५ च्या सुरुवातीला वाटलं, एका रात्रीची अट आपण मोडू. सगळे नंबर वहीत लिहून ठेवले तर आजची नोट गेल्या आठवड्यातल्या नोटेशी जुळवता येईल. बायको नंबर वाचायची, मी लॅपटॉपवर एक्सेलमध्ये टाकायचो. वीस दिवसांत आठ हजार नंबर. मग क्लासवाल्या सरांनी एक सूत्र घालून दिलं आणि पडद्यावर लाल रंगात ३४ जुळण्या उमटल्या. चौतीस! मी उठून उभाच राहिलो.

मग हळूहळू उलगडलं. दोन सोडल्या तर प्रत्येक जुळणीत एक नोट आदल्या कुठल्या तरी दिवशीची, म्हणजे केव्हाच भरणा झालेली. नंबर माझ्याकडे, नोट जगात. पतसंस्थेतल्या कॅशियरताईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "भाऊ, त्या दहाच्या नोटा मी त्याच दुपारी सुट्टे म्हणून वाटल्या." त्याहून कहर म्हणजे ३४ पैकी पाच जुळण्यांत पुढची अक्षरंही जुळत होती. बघतो तर दुसरी नोट नव्हतीच, तीच नोट फिरून माझ्याकडे आली होती. एका दहाच्या नोटेवर कुणीतरी निळ्या पेनाने बदाम काढून "राजू" लिहिलं होतं. ती भाजीवालीकडून माझ्याकडे, माझ्याकडून पतसंस्थेत, तिथून मेडिकलवाल्याच्या सुट्ट्यांत आणि नवव्या दिवशी मेडिकलवाल्याच्या पिग्मीतून परत माझ्या फरशीवर. कराडातल्या दहाच्या नोटा कराडातच किती गोल फिरतात ते मला त्या वहीने दाखवलं. वही बंद केली. परत खडू.

२०१६ पर्यंत जोड्या वाढत गेल्या. हिशेबाने वर्षाला पंधरा-सोळा यायला हव्यात, माझ्या हाती पहिल्या वर्षी ११ लागल्या. बाकीच्या नजरेतून निसटल्या असणार. लग्नसराईत पेंगत पेंगत चाळलेल्या रात्री मी धरतच नाही.

८ नोव्हेंबर २०१६, मंगळवार. पाचशे आणि हजारच्या नोटा रात्री बारापासून बंद. पिग्मी एजंटाचे पुढचे दोन महिने कसे गेले ते इथे लिहीत नाही, त्याला वेगळी वही लागेल. माझ्या संग्रहात पाचशेची नोट असलेल्या तीन जोड्या होत्या. बायको म्हणाली, "दीड हजार रुपये आहेत, भरून टाका, उगाच भानगड नको." मी दोन पाचशे भरल्या, तिसरी हात धजावला नाही म्हणून ठेवली. पुढे २०१७ मध्ये कायदा आला, त्यात जुन्या बंद नोटा एकूण दहापर्यंत जवळ ठेवायला मुभा निघाली, अभ्यास किंवा संग्रहासाठी पंचवीसपर्यंत. म्हणजे तिन्ही ठेवता आल्या असत्या. भरलेल्या दोघींच्या जोडीदारणी, एक शंभरची आणि एक पन्नासची, अजून अल्बममध्ये शेजारचा कप्पा रिकामा ठेवून बसल्या आहेत. त्या जागी दुसरं काही घालावंसं वाटत नाही.

पुण्याला वर्षा-दोन वर्षांनी जाणं होतं. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे नाण्यांच्या ढिगात नोटाही असतात. पण खरी माणसं भेटली ती कर्वे रोडवरच्या एका हॉलमधल्या प्रदर्शनात. टेबलामागे बसलेल्या एका व्यापाऱ्यापुढे मी ऐटीत अल्बम उघडला. त्याने चार पानं उलटली. "सगळ्या चालवलेल्या नोटा आहेत, दादा. यूएनसी काहीच नाही?" यूएनसी म्हणजे कोरी करकरीत, व्यवहारात न गेलेली. घडी नाही, कोपरा मुडपलेला नाही, जुन्या नोटांत स्टेपलचं भोक नाही. त्याच्याकडे एकाच नंबराचा दहा, वीस, पन्नास, शंभर आणि पाचशेचा कोरा संच होता. किंमत ऐकून मी अल्बम मिटला. माझ्या जोड्यांना तो दर्शनी किमतीच्या वर चहाचे पैसे द्यायला तयार होता.

तिथंच बाकीची भाषा कळली. सहाही आकडे सारखे ती सॉलिड, १२३४५६ ती लॅडर, उलटसुलट सारखी वाचता येते ती रडार. १११११११ नव्हे हं, सहाच एक. ११११११ म्हणता म्हणता मीही चुकतो, पण ९९९९९९ च्या पुढची १०००००० ही नोटसुद्धा निघते, सात आकड्यांची, आणि एकाच अंकाच्या नऊ नोटांच्या शेवटी तिला बसवून दहाचा संच करतात. नंबराच्या आधी तारा असलेली स्टार नोट २००६ पासून निघते, खराब छापल्या गेलेल्या नोटेच्या जागी घातलेली. एक रुपयाची नोट बंद होऊन २०१५ मध्ये पुन्हा आली, तिच्यावर गव्हर्नरची नाही तर वित्त सचिवाची सही असते. एक म्हणता मला दहा गोष्टी कळल्या आणि माझ्या छंदाला बाजारात काडीची किंमत नाही हेही कळलं. एका अर्थी बरं झालं. किमतीचं खूळ डोक्यात शिरलेल्या माझ्या एका खातेदाराला "तुमच्या ७८६ च्या नोटेचे तीन लाख देतो" असा फोन आला होता. आधी नोंदणीचे पैसे भरा, मग कराचे भरा. दोन वेळा भरून बसला. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच जाहीर केलं की आमचं नाव सांगून जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत कुणी शुल्क मागत असेल तर विश्वास ठेवू नका. तोवर त्याचे पैसे गेलेले.

पण त्या प्रदर्शनातून येताना जोडीचा संच करायची एक युक्ती घेऊन आलो. कोऱ्या नोटांची गड्डी शंभराची असते आणि नंबर ओळीने लागतात. ३८०५०१ पासून सुरू होणारी गड्डी सापडली तर ३८०५६१ तिच्यात असणारच, एकसष्टावी. दहा लाखांत एक नोट शोधण्याऐवजी दहा हजारांत एक गड्डी शोधायची. शिवाय माझ्याकडे तेव्हा तीसेक जोड्या होत्या, म्हणजे चालणाऱ्या गड्ड्याही तीस. माझा एक वर्गमित्र बँकेत कॅशियर. त्याला मी सगळ्या जोड्यांचे पहिले चार आकडे कागदावर लिहून दिले. त्याने तो कागद काउंटरच्या काचेखाली सरकवला आणि म्हणाला, "येडा झालायस तू."

२०१९ च्या दिवाळीआधी त्याचा फोन. जांभळट रंगाची नवी शंभरची नोट, राणीच्या विहिरीची, आदल्या वर्षी आलेली. त्याच्या कॅशमध्ये ३८०५०१ पासूनची गड्डी होती. "पण फोडून एक नोट देणार नाही. घ्यायची तर अख्खी घे. आणि ऐक, पट्टीवर लिहिलंय की आत स्टार नोट आहे."

दहा हजार रुपये. आणि शंभरात एखादा नंबर गायब असण्याची टांगती तलवार, कारण स्टार आली म्हणजे तिच्या जागचा मूळ नंबर गेला. पाच हजाराचा डबा पुरणार नव्हता. बायकोची भिशी त्याच महिन्यात लागली होती. तिला काय सांगावं याची जुळवाजुळव करत मी घरी गेलो, तर ती म्हणाली, "आपल्या पहिल्या जोडीचाच नंबर ना? घेऊन या. पण गड्डी मी मोजणार."

तिनेच मोजली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, कोरडे पुसलेले हात, अंगठा ओला न करता. कोऱ्या नोटा एकमेकींना चिकटतात, तेव्हा ती एकेक नोट कडेने फुंकर मारून सुटी करत होती. अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ. एकसष्टावी नोट तिने ओढून काढली आणि नंबर न वाचताच माझ्याकडे दिली. ३८०५६१. स्टार त्याच्या पुढे कुठेतरी दुसऱ्याच नंबराच्या जागी निघाली. उरलेल्या नव्व्याण्णव नोटांतून त्या वर्षी घरात सगळ्यांना ओवाळणी कोऱ्या शंभरांची पडली, आणि स्टारवाली मुलीने पळवली.

वीसची आली ती अदलाबदलीतून. नाशिकरोडचे एक गृहस्थ प्रदर्शनात ओळखीचे झाले होते. त्या गावात नोटांचा छापखाना, तिथल्या लोकांना नंबरांचं कौतुक नसेल असं मला वाटायचं, पण हे महाशय माझ्यापेक्षा वेडे. २०१९ मध्ये वेरूळच्या लेण्यांची हिरवट-पिवळी वीसची नोट निघाल्यापासून ते फक्त तीच जमवतात. त्यांच्या यादीत ३८०५६१ निघाली. मी त्यांना मला नको असलेल्या दोन वीसच्या आणि जोडीला माझी एक चांगली रडार दिली. ती द्यायला त्र्यंबकेश्वरला जायचं निमित्त काढलं, वाटेत त्यांनीच अंजनेरीचं नाणी संशोधन संस्थेचं संग्रहालय दाखवलं. सातवाहनांच्या नाण्यांपुढे उभं राहून माझ्या खिशातल्या वीसच्या नोटेचं जरा हसूच आलं.

तर ३८०५६१ चा संच असा आहे: दहा, वीस, पन्नास, शंभर. दोन प्लास्टिकात पुरलेल्या, एक कोरी, एक मधे घडी पडलेली. दोनशे आणि पाचशे बाकी.

त्या येतील असं मला आता वाटत नाही. मार्च २०२० मध्ये लाइन बंद पडली, आणि ती पुन्हा सुरू झाली तोवर टपऱ्याटपऱ्यांवर क्यूआरचे ठोकळे बसले होते. खातेदार तितकेच आहेत, पण गल्ल्यात रोख नसल्याने निम्मे जण पिग्मीही फोनवरून पाठवतात. रोजच्या चारशे नोटा आता एकशेवीसवर आल्या. मला वाटलं, तिपटीने कमी झाल्या तर जोड्याही तिपटीने कमी होतील. सरांनी पुन्हा पुठ्ठा मागवला. एकशेवीस नोटांत जोड्या पडतात ७,१४०. कुठे ७९,८०० आणि कुठे हे. नोटा तिसऱ्या हिश्श्यावर आल्या, पण जोड्या अकरापटीने घटल्या. आठ टक्क्यांची शक्यता पाऊण टक्क्याच्या आत. बारा-तेरा दिवसांचं अंतर आता एकशेचाळीस दिवसांचं. गेल्या सबंध वर्षात माझ्या नियमात बसणारी एकच जोडी लागली. कॅशियर मित्रही निवृत्त झाला. त्याच्या जागी आलेल्या पोराने माझा कागद वाचून विचारलं, "काका, हे ओटीपी आहेत का?"

काल रात्री ९६ नोटा होत्या. खडू संपत आला होता, घरं जरा छोटी काढली. बायको टीव्ही बघता बघता एकीकडे नजर ठेवून असते. एकच्या घरात नऊ नोटा पडल्या, तिने लांबूनच विचारलं, "ती पाचशेची बघा हो, तीन आठ शून्य दिसतंय."

उचलली. ट्यूबलाइटखाली धरली. ३८०६५१. पाच आणि सहाची अदलाबदल. मी तीन वेळा वाचली, तिने दोन वेळा. मग रबर लावून पाचशेच्या थप्पीत घातली आणि स्लिपवर तपशील लिहायला घेतला.